बाहेरची कडी

बाईंचा एक नेम होता. सकाळी डोळे उघडल्यापासून दुपारी बारा वाजेपर्यंत कुणाला वेडंवाकडं बोलायचं नाही, आणि अंघोळ झाली की अर्धा तास डोळे मिटून देवाजवळ बसायचं, काही न मागता. बारानंतरचं मात्र त्यांनी देवाला काही कबूल केलं नव्हतं. माणसाने झेपेल तेवढंच कबूल करावं, असं त्यांचं मत होतं.

एकतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, तेव्हाही हा नेम मोडला नाही. आठवीतली पन्नास पोरं समोर माकडचेष्टा करत असायची आणि बाई हळू आवाजात म्हणायच्या, "चालू दे तुमचं. बारा वाजू देत." तेवढ्यावर वर्ग गार पडायचा. पण गेल्या चार महिन्यांत, मुलाच्या घरी राहायला आल्यापासून, हाच नेम म्हणजे तारेवरची कसरत झाली होती. त्याला कारण दोनच शब्द. सेफ साइड.

चार महिन्यांपूर्वी बाई स्वतःच्या घराच्या जिन्यात शेवटच्या पायरीवर पाय मुरगळून बसल्या. घोट्याच्या हाडाला बारीकशी चीर गेली. शेजारीण खाली येईपर्यंत चाळीस मिनिटं त्या पायरीवरच बसून होत्या. मुलाने येऊन त्यांना उचललं आणि आपल्या घरी आणलं, "पंधरा दिवस" म्हणून. सोबत एक पिशवी, दोन लुगडी आणि चष्म्याचं घर.

पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी पाय बघितला. "सुधारतोय छान. अजून महिनाभर जपा, सेफ साइड म्हणून." डॉक्टर हे सवयीने म्हणाले, जसं आपण निघताना "येतो" म्हणतो. पण मुलाने ते कोरून ठेवलं. मुलगा होता एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर. तिथे त्याचं कामच हे, की कोण कुठे घसरेल, काय कुणाच्या डोक्यात पडेल, याचा आधी विचार करायचा. कारखान्यात आठशे माणसं होती म्हणून ती काळजी आठशे ठिकाणी वाटली जायची. घरी आल्यावर सगळी एकट्या आईच्या वाट्याला यायची.

आधी जमिनीवरच्या सतरंज्या गुंडाळल्या गेल्या, पाय अडकू नये म्हणून. मग रबरी तळव्यांच्या चपला आल्या. त्या फरशीवर अशा काही कुईकुई करायच्या, की घरात उंदीर पाळलाय असं वाटावं. मग गॅसचं बटण दिवसा काढून सुनेच्या पर्समध्ये जाऊ लागलं. त्यामुळे चहासुद्धा थर्मासमधला. वरच्या फळीवरचं काही काढायला जाऊ नये म्हणून स्टूल गच्चीवर गेलं. गळ्यात घालायला दोरीला बांधलेला फोन आला आणि त्याच दोरीला एक शिट्टी.

"शिट्टी कशाला रे?"

"फोनची बॅटरी संपली तर? सेफ साइड, आई."

"आणि शिट्टी हरवली तर?"

यावर मुलगा खरोखरच विचार करू लागला, तेव्हा बाईंनी घाईघाईने विषय बदलला.

बाईंना राग येई तो वेगळ्याच जागी. हा वाक्प्रचार त्यांनी एकतीस वर्षं शिकवला होता. 'अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा', गुण तीन. एक अर्थाला, दोन उपयोगाला. अर्थ त्या स्वतः फळ्यावर लिहून द्यायच्या: 'धोका टळावा म्हणून आधीच थोडी जास्त काळजी घेणे.' आणि 'थोडी' या शब्दाखाली खडूने दोन रेघा. "दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो," त्या सांगायच्या. "फुंकून प्यावं, हरकत नाही. पण कुणी ताक प्यायचंच सोडलं, तर त्याला आपण काय म्हणू?" पोरं ओरडायची, "येडा!" बाई म्हणायच्या, "असं म्हणू नये. पण आहे बरोबर."

या घरात त्या दोन रेघा पुसल्या गेल्या होत्या. नवऱ्याशी वाद नको म्हणून सून तेच म्हणायची: "असू द्या हो आई, सेफ साइड." कामवाली फरशी कोरडी पुसायची, "सेफ साइड, बाई." परवा खालच्या मजल्यावरची म्हातारीसुद्धा जिन्यात म्हणाली, "माझ्या मुलीला आपलं काही सांगितलं नाही हं मी, सेफ साइड." म्हणजे आता लपवाछपवीही त्याच खात्यात.

पण कडेलोट झाला तो बाथरूमच्या कडीपाशी.

मुलाने कुठेतरी वाचलं, की म्हातारी माणसं बाथरूममध्ये चक्कर येऊन पडतात आणि आतून कडी असल्यामुळे कुणाला दार उघडता येत नाही. दुसऱ्याच दिवशी सुतार आला आणि आतली कडी काढून गेला. सदुसष्टाव्या वर्षी माणसाने अंघोळ करताना एक डोळा दाराकडे ठेवायचा! नळ चालू ठेवून त्या मोठमोठ्याने खोकत राहायच्या. आत कुणीतरी आहे, हे कळावं म्हणून.

मग नवीनच झालं. कडी नसल्यामुळे दार वाऱ्याने उघडायचं आणि धाडकन आपटायचं. रात्रंदिवस धाड, धाड. बोटं चेंगरतील, म्हणून मुलाने सुताराला परत बोलावलं. आता बाहेरून कडी.

हा सुतार बाईंचाच विद्यार्थी, मुलाच्याच वर्गातला. स्क्रू तोंडात धरून तो म्हणाला, "बाई, एक बोलू? आतून काढायची आणि बाहेरून लावायची, हे काय बरं नाही. कुणीतरी घालेल हो."

"मला नको सांगूस. साहेबांना सांग."

साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "घरात तीन माणसं. आत कुणी आहे का नाही, एवढं तर बघूनच घालणार ना?"

सुताराने खांदे उडवले आणि कडी ठोकली.

हे झालं गेल्या आठवड्यात. आणि काल संध्याकाळी कळस. जेवताना मुलगा सहज म्हणाला, "आई, उद्या पाच वाजता एक जोडपं तुझं घर बघायला येणार आहे. भाड्याने देऊन टाकू. बंद घर बिघडतं. आणि तू आता ते तीन जिने चढणार थोडीच."

बाईंचा घास हातातच राहिला. दोन खोल्या, तिसरा मजला. नवरा गेल्यावर त्यांनी स्वतःच्या हिमतीवर घेतलेलं घर. खिडकीत टेबल, टेबलावर पेपर तपासायचा दिवा. महिनाभर त्या सांगत होत्या, पाय बरा झालाय, मला पोचव. हा म्हणत होता, बघू. दोन्ही किल्ल्या त्याच्या खोलीतल्या फळ्यावर, नऊ नंबरच्या हुकाला. घरातही त्याने हुकांना नंबर दिले होते.

"मला न विचारता?"

"आता विचारतोच आहे ना. आणि उद्या अकराला सुतार येतोय, तुझ्या खोलीचीही आतली कडी काढून टाकू. झोपेत काही झालं तर?"

बारा कधीच वाजून गेले होते. बोलायला हरकत नव्हती. पण समोर सून होती, आणि मुलाच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. बाई एवढंच म्हणाल्या, "उद्या बोलू." आणि रात्रभर मनात वाक्यं जुळवत बसल्या.

सकाळी मुलगा आठला गेला. बाई साडेनऊला अंघोळ उरकून अंग पुसत होत्या. फोन आणि शिट्टी बाहेर खिळ्याला. फोन भिजू नये, म्हणून हा सुनेचा नियम. दिवा लावला नव्हता. वरच्या काचेच्या पट्ट्यांतून उजेड पुरेसा येत होता. नळ बंद. बाई आज खोकतही नव्हत्या, कारण मनात मुलाशी बोलणं चाललं होतं. 'हे बघ, पहिली गोष्ट...'

"आई, निघते हो मी!" सुनेचा आवाज आला.

"बरं," बाई म्हणाल्या.

सून रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करायची. दिवसभर काचेच्या नळ्यांना झाकणं लावायची, त्यामुळे उघडं काही दिसलं की तिचा हात आपोआप तिकडे जायचा. डबा, पेन, बाटली, दार. "बरं" आलं ते खोलीतून, असं तिला वाटलं. जाता जाता तिने कडी सरकवली. खट्. मग पुढचं दार ओढून घेतलं. तेही खट्.

बाईंनी लुगडं नेसून दार ओढलं. हललं नाही. परत ओढलं. मग त्यांच्या लक्षात आलं.

"अगं!" त्यांनी हाक मारली. "अगं ए!"

जिन्यात पावलं उतरत गेली.

दाराला आतून धरायला नुसती मूठ, ती ओढून काही उपयोग नाही. खिडकीच्या पट्ट्या उंचावर, आणि चढायला स्टूल नाही. स्टूल गच्चीवर, कुणी पडू नये म्हणून. भिंतीत घट्ट बसवलेली अंघोळीची बैठक मात्र होती. ओरडावं, तर पट्ट्यांखालचा मागचा बोळ सकाळभर ओस, आणि घराच्या सगळ्या खिडक्या बंद, धूळ येऊ नये म्हणून. फोन बाहेर. शिट्टी बाहेर. बाईंनी डोळ्यांसमोर एकेक गोष्ट आणली, आणि प्रत्येक गोष्ट त्यांच्याच सुरक्षिततेसाठी त्यांच्या हाताबाहेर ठेवलेली होती. घरात इतकी सुरक्षित बाई दुसरी सापडली नसती.

बारा वाजायला अजून अडीच तास होते. बाई बैठकीवर बसल्या, डोळे मिटले आणि नेमाचा अर्धा तास तिथेच करायला घेतला. देवाला जागेचं कौतुक नसतं. पण आज डोळे मिटले की देवाऐवजी ती कडीच समोर येत होती. 'देवा,' त्या शेवटी म्हणाल्या, 'मी तुझ्याजवळ कधी काही मागत नाही. आजही मागत नाही. फक्त बारापर्यंत ह्या पोराला माझ्यासमोर येऊ देऊ नकोस.'

अकरा वाजले ते फोनच्या आवाजाने कळलं. मुलगा रोज अकराला फोन करायचा. त्याने फोनला लावलेला आवाज म्हणजे कारखान्याचा भोंगाच होता. तो वाजला. थांबला. परत वाजला. बाई दाराआडून ऐकत राहिल्या. चौथ्यांदा वाजला तेव्हा त्यांना त्या फोनचीच कीव आली. आणि तेवढ्यात मागच्या बोळात स्कूटर थांबली, कुणीतरी शीळ घालत हत्यारांची पिशवी उतरवू लागलं.

एकतीस वर्षांत न चढवलेला आवाज बाईंनी चढवला.

"सुतारा!"

शीळ बंद झाली. "कोण? बाई?"

"वर बघ. काचेच्या पट्ट्या."

"बाथरूममध्ये आहात? मग मी नंतर येऊ का?"

"मे..." बाईंनी जीभ चावली. "अरे बाबा, नंतर नको. बाहेरून कडी घातलीय कुणीतरी. मी साडेनऊपासून आत आहे."

खालून अगदी हळू, "मी बोललो होतो की नाही?"

"बोलला होतास."

"मी म्हटलं होतं, बाई, कुणीतरी..."

"म्हटलं होतंस रे राजा. आता साहेबांना फोन लाव. पुढचं दारही बंद आहे."

"लावतो. त्यांचा नंबर मी 'सेफ साइड' नावानेच ठेवलाय." फोनवर त्याचं बोलणं ऐकू आलं: "साहेब, घाबरू नका... नाही, पडल्या नाहीत... नाही, रक्त नाही... अहो, बोलतायत माझ्याशी! कडी हो, ती आपली... हो, तीच." मग तो वर तोंड करून म्हणाला, "निघाले. पाऊण तास लागेल म्हणाले. मी थांबतो, बाई. एकट्या नका समजू."

पिशवी बाजूला ठेवून तो भिंतीला टेकून बसला असावा. आवाज खालून सरळ येत होता.

"बाई, तुम्ही आठवीत हा शिकवला होतात ना, सेफ साइडवाला? सहामाहीला आला होता. तीन मार्कांना."

"आला होता. आणि तू काय लिहिलं होतंस?"

"काय लिहिलं होतं?"

"काही नाही. जागा कोरी सोडली होतीस."

सुतार खो-खो हसला. "बरोबरच केलं की मग! सेफ साइड म्हणून कोरी सोडली. चुकायला नको."

बाईंना इतक्या त्रासातही हसू फुटलं. "हे तेव्हा लिहिलं असतंस, तर तीनपैकी तीन दिले असते."

"साहेबांना मिळाले होते ना तीनपैकी तीन? माझ्या पुढच्या बाकावर. हुशार पोरगं. फक्त पाण्याला भ्यायचं." तो सहज बोलत होता, वेळ काढायला. "त्याच वर्षी शाळेने पोहायला नेलं होतं, आठवतं? आठ दिवस. आम्ही सगळे तलावात धिंगाणा घालायचो. हा आपला काठावर, आमचे कपडे सांभाळत. घड्याळं, चपला, सगळं ओळीने लावून ठेवायचा. आम्ही त्याला वॉचमन म्हणायचो."

बाई वरच्या पट्ट्यांकडे बघत होत्या.

"बाई? आहात ना?"

"कुठे जाणार आहे मी, बाबा."

पाण्याला तो भ्यायचा नाही. घरी येऊन पाया पडला होता, आई, मला जाऊ दे. नवरा जाऊन वर्ष झालं होतं, घरात आणि जगात एवढा एकच मुलगा. बाईंनी शाळेच्या अर्जावर स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'मुलाला पाण्यात उतरवू नये.' आणि त्याला काय सांगितलं होतं? त्यांना शब्दन् शब्द आठवला. "तुला नाही म्हणत नाही रे. पण सेफ साइड."

तो शब्द या घरात कुणी आणला, याचा शोध चार महिने त्या दुसऱ्याच लोकांमध्ये घेत होत्या.

आणि मग ती उत्तरपत्रिका. स्वतःच्या मुलाचा पेपर, म्हणून त्यांनी मुद्दाम कडक तपासला होता. त्याने वाक्य लिहिलं होतं इंग्रजीत. साध्या भाषेत सांगायचं तर असं: 'माझ्या आईला सेफ साइडला राहायचं असतं, म्हणून मी काठावर उभा असतो.' बाईंनी क्रियापद बघितलं, पूर्णविराम बघितला. सगळं जागच्या जागी होतं. तीनपैकी तीन. बाजूला 'छान'. आणि पुढचा पेपर घेतला होता.

अठ्ठावीस वर्षांनी, एका बंद बाथरूममध्ये, बाईंनी ते वाक्य पहिल्यांदा वाचलं.

रात्रभर जुळवलेली वाक्यं एकेक करून गळून पडली. पण वैताग गेला नाही. उलट वाढला. आता वैतागायला एक माणूस जास्त झालं होतं, त्या स्वतःच, आणि ते माणूस घरी पोचवून टाकता येण्यासारखं नव्हतं.

पुढचं दार उघडल्याचा आवाज आला. धावती पावलं, त्यामागून सुताराची सावकाश. कडी सरकली.

"आई! आई, बरी आहेस ना? चक्कर आली? बस, उठू नकोस, मी..."

"थांब," बाई आतून म्हणाल्या. "दार ढकलू नकोस."

"का? काय झालं?"

"काही झालं नाही. आधी वाजव."

"काय वाजव?"

"दार. आत माणूस आहे."

मग टक टक. अगदी हलक्या हाताने, आठवीतल्या मुलाने शिक्षकांच्या खोलीचं दार वाजवावं तसं.

"किती वाजले?" बाईंनी विचारलं.

"बाराला दहा कमी. का?"

"मग थोडं थांब. मला बरंच काही बोलायचं आहे आणि ते बारानंतरचं आहे."

सुतार बाहेर खोकला, की हसू गिळलं, कळलं नाही. मुलाचा आवाज रडवेला झाला. "आई, चेष्टा नको ना. मी इथवर कसा आलो, माझं मला माहीत. बघ, म्हणूनच मी म्हणतो. माणसं घरात असताना ही गत. तिकडे एकटी असतीस तर?"

"एकटी असते, तर बाहेरून कडी कुणी घातली असती?"

दार नुसतं लोटलेलं होतं. आतून कडी नव्हती, बाहेरची काढलेली होती. एका बोटाने ढकललं तरी उघडलं असतं. पण मुलाने ढकललं नाही. फटीतून त्याच्या बुटांची टोकं दिसत होती, कारखान्यातले लोखंडी टोकांचे बूट. घाईत बदलायचेही राहिले होते.

"सुतारा," बाई म्हणाल्या, "तू जरा पुढच्या खोलीत बस. थर्मासमध्ये चहा आहे. थंडच असेल, पण तोंड पोळणार नाही."

पावलं गेली. मग त्या म्हणाल्या, "आता तू सांग. अर्थ सांग."

"कशाचा?"

"तुझ्या दोन शब्दांचा. पुस्तकातला नको. तुझा."

बुटाचं टोक फरशीवर घासलं. "चार महिन्यांपूर्वी," तो अडखळत म्हणाला, "शेजारच्या काकूंचा फोन आला, तेव्हा मी कारखान्यात आग विझवायचं प्रात्यक्षिक घेत होतो. आठशे माणसं ओळीत उभी. आणि मला कळलं, की तू चाळीस मिनिटं जिन्यात बसली होतीस. मी आठशे माणसांना बाहेर कसं पडायचं ते शिकवतोय, आणि तू... तेव्हापासून फोन वाजला की आधी तूच पडली असशील असं वाटतं. आणखी काय अर्थ. भीती वाटते मला, आई."

बाईंनी लुगड्याच्या पदराने डोळे टिपले. आज दाराने उपकारच केले होते म्हणायचे.

"अर्थ बरोबर," त्या म्हणाल्या. "एक गुण. आणि ऐक, तुला तेव्हा पोहायला पाठवायला हवं होतं. माझं चुकलं."

"हे आता कुठून काढलंस?"

"आत वेळ होता."

"जाऊ दे गं. आता काय, चाळिशी उलटली."

"पाणी तेवढंच खोल आहे. अजून जाता येईल." मग त्यांनी आवाज शिक्षिकेचा केला. "दोन गुण राहिलेत. वाक्यात उपयोग कर. ते पाच वाजताचं जोडपं आणि नऊ नंबरचा हुक, दोन्ही वाक्यात आलं पाहिजे."

बाहेर मोठा उसासा पडला. मग बटणं दाबल्याचा आवाज. "हॅलो, हां, मी बोलतोय... नाही, आज येऊ नका. नाही, उद्याही नाही. घर द्यायचं नाहीये... माझ्या आईचं आहे, ती राहणार आहे तिथे." पावलं गेली, परत आली, किल्ल्या वाजल्या. दाराच्या फटीतून एक किल्ली आत सरकली. एकच.

"आणि दुसरी?"

"दुसरी, सेफ साइड म्हणून, माझ्याकडे राहील," मुलगा म्हणाला. आणि घाईने पुढे, "येताना दार वाजवीन."

बाईंनी किल्ली उचलली. पाणी लागू नये म्हणून पदरात गुंडाळली.

"तीनपैकी तीन," त्या म्हणाल्या आणि दार उघडून बाहेर आल्या.

"पण आई, जिन्याला तिथे दोन्ही बाजूंना कठडा बसवू या. आणि दिवे. आणि रोज वर कोण..."

"वेळ संपली. पेपर खाली ठेव."

संध्याकाळी पाच वाजता, ज्या वेळेला दुसरं कुणी तिथे यायचं होतं, त्याच वेळेला बाई आपल्या घराचे तीन जिने चढल्या. प्रत्येक वळणावर थांबून, कठड्याला धरून, कारण घोटा आपलाच होता. मुलगा दोन पायऱ्या खाली हात पसरून चालत होता, जसं काही वरून पोतं पडणार आहे. बाईंनी मागे वळून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अंघोळीला जाताना फोन प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि आत नेऊन खिळ्याला टांगला. थोडी काळजी. खाली दोन रेघा. मग आतली कडी लावली. त्या खट् आवाजाने त्यांना इतकं बरं वाटलं, की त्यांनी कडी काढून परत एकदा लावली.

डोळ्यांत साबण गेला आणि पिशवीतून भोंगा वाजला. बाईंनी पिशवीवरूनच बटण दाबलं.

"आई, अंघोळीला गेली नाहीस ना अजून? जायच्या आधी मला फोन करत जा. आणि बाहेर आलीस की परत एक. नुसतं आपलं सेफ..."

बाईंनी एका हाताने डोळे चोळले. दुसऱ्या हाताने भिंतीला धरलं. घड्याळात सव्वानऊ झाले होते, आणि नेम बारापर्यंतचा होता.

"बरं हो, राजा," त्या म्हणाल्या. "बारा वाजू देत."